तिसरा फ्लास्क

"मॅडम, रक्त येतंय," हर्षाली म्हणाली. मी तेव्हा ब्युरेटच्या, म्हणजे खुणांच्या उभ्या काचनळीच्या तोटीकडे बघत होते, हाताकडे नाही. मग हाताकडे पाहिलं. उजव्या हाताची बोटं लाल झाली होती आणि दुखत मात्र काहीच नव्हतं. काच फुटली नव्हती, कुठे कापलं नव्हतं. बोट बोटावर घासून पाहिलं तर बुळबुळीत लागलं. तोटी गळत होती. ब्युरेटमधला कॉस्टिक सोडा थेंब थेंब माझ्या बोटांवर उतरत होता, आणि बोटांवर काल संध्याकाळची संजनाची हळद होती. "रक्त नाही गं, हळद आहे," मी म्हणाले आणि मला एकदम हसू आलं. परीक्षा चालू आहे, बाहेरून आलेल्या परीक्षक बाई खिडकीशी बसल्यात, आणि मी, रोहिणी, वय वर्षं चौतीस, स्वतःच्या बोटांकडे बघून हसतेय. हर्षालीने तोंड फिरवलं. एकोणीस वर्षांची पोरगी, हरसूलहून इथे होस्टेलला येऊन राहिलेली. वर्षभर माझ्या शेजारच्या टेबलाशी उभी राहते आणि वर्षभर मला मॅडम म्हणते. तिला वाटलं असेल, मॅडमचं डोकं फिरलं. फिरलं होतंच. मी बोटं नळाखाली धरली तर लाल गेलं आणि खालून पुन्हा पिवळं आलं. परत एक थेंब बोटावर घेतला. परत लाल. लहानपणी नांदगावला आई धुण्याच्या दगडावर हळदीचं लुगडं घासायची, साबण लागला की डाग लाल व्हायचा आणि पाण्यात बुचकळला की परत पिवळा. मी विचारलं होतं. आई म्हणाली होती, साबण लावला की हळदीला राग येतो, पाणी मिळालं की जातो. एवढं उत्तर मला पंचवीस वर्षं पुरलं याचीच आता लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त मजा वाटली.

संजना म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. तिचं लग्न आणि माझं रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल एकाच रविवारी आलं, सकाळी पंचवटीत परीक्षा आणि संध्याकाळी नाशिकरोडच्या हॉलमध्ये लग्न. हे दोन्ही मुहूर्त मी काढले नव्हते, पण आठवडाभर घरातली माणसं माझ्याकडे अशी बघत होती की जणू मीच दोन्हीकडे पत्रिका छापल्या. "लग्नाच्या दिशी परीक्षा घेत्यात? त्या कालेजातल्या लोकांना घरदार हाय का नाय?" आई म्हणाली. आईचं आणि माझ्या कॉलेजचं पहिल्यापासून जमलं नाही. मी गेल्या वर्षी फोनवर सांगितलं, आई, कम्युनिटी कॉलेजला नाव घातलंय, दोन वर्षांचा सायन्सचा डिप्लोमा आहे, दर रविवारी जायचं. ती हळू आवाजात म्हणाली, "कम्युनिटी म्हंजी कोनच्या समाजाचं? आपल्या का त्यांच्या?" मी म्हटलं, सगळ्यांच्या. "मग त्याला नाव कशाला द्यायचं," ती म्हणाली. आईपुढे, म्हणजे शकुबाईंपुढे, कुणाचं काही चालत नाही, वडील जयराम जन्मभर तलाठी ऑफिसात कारकुनी करून घरी आल्यावर तिच्यापुढे मान खाली घालून जेवायचे. मी हळदीला एका अटीवर गेले: एक बोट लावीन आणि हात धुईन. पण हळद बोटाने लागत नसते. उपनगरला बहिणीच्या घराच्या गच्चीवर डीजे, पिवळ्या साड्या, संजनाच्या सासरकडून आलेल्या बायका, आणि पातेलंभर कालवलेली हळद. मी लांब उभी होते, तर संजनानेच माझी दोन्ही मनगटं धरली. "मावशी, उद्या मला तयार करताना तू नसणार. मग आजच सगळी लाव," ती म्हणाली आणि तिने माझे हात पातेल्यात कोपरापर्यंत बुडवले. मला रडू आलं. मी तिच्या गालांना, मानेला, पायांना हळद लावली, कुणीतरी माझ्या केसांत लावली, आणि हात धुवायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. सकाळी साबणाने चोळून चोळून जेवढी निघाली तेवढी निघाली. नखांत आणि अंगठीच्या खाली राहिली.

आता या वयात हे कशाला, असं मला कुणीही विचारतं, रिक्षावालासुद्धा विचारतो. मी पंचवटीत भाजीबाजाराच्या गल्लीत रक्त घेतात त्या सेंटरच्या काउंटरवर बसते. नाव लिहायचं, पैसे घ्यायचे, चिकटपट्टीवर नंबर लिहायचा. आत बारकू रक्त काढतो आणि ट्यूब माझ्याकडे देतो. ती मी हळूच उलटी-सुलटी करायची, म्हणजे गोठत नाही. "हलवायची नाही, उलटी करायची," हे बारकूने मला पहिल्याच दिवशी शिकवलं. दुपारी एक माणूस स्कूटरवरून येतो, सगळ्या ट्यूबा बर्फाच्या डब्यात घालून घेऊन जातो, आणि संध्याकाळी कॉम्प्युटरवर आकडे येतात. ते आकडे बघून माणसं माझ्यासमोर रडली आहेत. एकदा एका भटजीबुवांनी आनंदाने मला पेढा दिला होता. आणि मला मात्र आठ वर्षांत कळलं नव्हतं की ट्यूब जाते आणि आकडा येतो, या दोहोंच्या मध्ये होतं काय. काचेतलं लाल रक्त जाऊन कागदावर साडेअकरा कसं होतं? बारकूला विचारलं तर म्हणाला, मशीन करतं. मशीनमध्ये काय होतं? "ताई, तुम्ही लय खोलात जाता," तो म्हणाला. माझी बारावी सायन्सची होती. पासही झाले होते, आणि त्याच मे महिन्यात लग्न झालं, तेव्हापासून सायन्स माझ्याकडे लग्नातल्या भांड्यांसारखं पडून होतं. नवऱ्याचं नाव संघर्ष आहे आणि घरात जरा आवाज चढला की हा पहिला चपला घालून बाहेर. अंबडला कंपनीत आहे. माणूस वाईट नाही, पण रविवार हा त्याचा एकुलता एक दिवस, आणि तो मी पळवला. त्याने एकदाच, तेही चहा पिता पिता सांगितलं, "एक वर्ष करून बघ. निघालीस तर पुढचं बघू. नाही निघालीस तर रविवार घराला." मी हो म्हटलं. थिअरीचे पेपर मी काढलेत, ते मला माहीत आहे. पण प्रॅक्टिकलला पास झाल्याशिवाय दुसरं वर्ष नाही. म्हणजे हा रविवार गेला की सगळेच गेले, हे मी सकाळी द्वारकेच्या सिग्नलला रिक्षात बसून स्वतःला सांगत होते, आणि तरीही रिक्षावाल्याला लवकर चला, लवकर चला म्हणत होते. मला तिथे जायचं होतं. त्या आंबट वासाच्या खोलीत, निळ्या पडलेल्या फरशीवर, गळक्या तोटीपाशी. माहेरी जातानासुद्धा मला कधी एवढी घाई झालेली नाही.

तर परीक्षा अशी होती. बाटलीत आम्ल दिलंय, त्याची ताकद किती ते काढा. आम्ल फ्लास्कमध्ये घ्यायचं, त्यात फिनॉल्फ्थॅलीन या रंग बदलणाऱ्या औषधाचे दोन थेंब टाकायचे, वरून ब्युरेटमधून सोडा सोडत राहायचा. आम्ल आहे तोवर पाणी बिनरंगाचं. आम्ल संपलं की पुढच्या एका थेंबाला सगळं गुलाबी. त्या थेंबाला थांबायचं आणि किती सोडा गेला ते वाचायचं. असं तीनदा करायचं आणि निदान दोनदा तरी आकडा तोच यायला हवा. आम्ल प्रत्येकाला तीन वेळांपुरतंच मिळालं होतं, परत मागायचं नाही, हे परीक्षक बाईंनी सुरुवातीलाच बजावलं होतं. माझा पहिला फ्लास्क वाया गेला, मी उत्साहाच्या भरात सोडा असा सोडला की फ्लास्क गडद जांभळा. दुसरा सुंदर आला. नऊ पॉइंट चारला असा फिकट गुलाबी झाला की डोळे मिटून उघडावेत आणि खात्री करावी. राहिला तिसरा. मी आम्ल मोजून घेतलं, वरून थोडं डिस्टिल्ड वॉटर घातलं, आणि ते नीट मिसळावं म्हणून फ्लास्कच्या तोंडावर अंगठा ठेवून फ्लास्क हळूच उलटा केला. फ्लास्क असा हलवत नाहीत. फ्लास्क मान धरून गोल फिरवतात, हे आमच्या सरांनी मला वर्षभर सांगितलंय. "बाई, ही तुमच्या दुकानातली ट्यूब नाही," ते म्हणायचे आणि पोरं हसायची. पण हात शिकलेला असतो तेच करतो. मी फ्लास्क सुलटा केला, अंगठा काढला, आणि नखातला हळदीचा एक बारीक कण तरंगत तरंगत खाली गेला. त्याच्या मागे पिवळी रेघ. मी बघत राहिले. काही वेळाने सगळं पाणी अगदी फिकट पिवळं झालं.

हर्षालीने ते पाहिलं. तिचे तिन्ही झाले होते आणि ती वहीत आकडे भरत होती. "मॅडम, आता लय टाइम नाय राह्यला," ती ओठ न हलवता म्हणाली. "वतून द्या मोरीत. दुसऱ्याचाच आकडा परत लिहा. सगळे तेच करतात." सगळे तेच करतात हे खरं होतं. आमच्या वर्गात म्हण आहे, रीडिंग येत नसतं, आणावं लागतं. एकदा आलेला आकडा तिसऱ्यांदा कोण मोजत बसतो? नऊ पॉइंट चार, नऊ पॉइंट चार, खाली रेघ, झालं. ती पोरगी माझ्या भल्याचंच सांगत होती. मी फ्लास्क उचलला आणि मोरीकडे एक पाऊलही टाकलं, आणि त्याच वेळी माझी नजर माझ्याच बोटांवर गेली. त्यांच्यावर परत सोड्याचा थेंब पडला होता आणि ती परत लाल झाली होती. आणि माझ्या डोक्यात असं काही झालं की मी तिथेच थांबले. पिवळी हळद सोड्याने लाल होते. मग फ्लास्कमधली हळदसुद्धा लाल होईल. कधी होईल? आम्ल आहे तोवर नाही होणार, कारण आम्ल सोड्याला खाऊन टाकतंय. आम्ल संपलं की मगच सोडा हळदीपर्यंत पोचेल. म्हणजे फिनॉल्फ्थॅलीन जे काम करतं तेच काम हळद करेल. करेल का? त्याच थेंबाला करेल का? हे कुठल्या पुस्तकात असेल तर असो, मला वाचलेलं आठवत नव्हतं. हे मला आत्ता, उभ्या उभ्या, एकटीला सुचलं होतं. एवढ्या वर्षांत मला स्वयंपाकाच्या गोष्टी सुचल्या, बोलायच्या गोष्टी सुचल्या, भांडताना तर फार चांगलं सुचतं. पण जगात काय आहे आणि ते कसं चालतं याबद्दल पहिल्यांदाच स्वतःचं काही सुचलं होतं, आणि ते खरं की खोटं हे कळायला मला कुणाकडे जायचीही गरज नव्हती. वर सोडा होता, खाली फ्लास्क होता.

फिनॉल्फ्थॅलीनची बाटली समोरच होती. दोन थेंब टाकले असते तर पिवळ्यात गुलाबी मिसळून काहीतरी शेंदरी आलं असतं आणि आकडा मिळाला असता, सुरक्षित. पण मग लाल कुणामुळे झालं ते कधीच कळलं नसतं. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. प्रश्नपत्रिकेवर स्पष्ट लिहिलं होतं काय वापरायचं ते. संघर्ष दिसला, चहाचा कप, रविवार घराला. आईचा आवाज ऐकू आला. माझ्या जागी दुसरी कुणी शहाणी बाई असती तर तिने थेंब टाकले असते, आणि मी स्वतःला नेहमीच शहाणी समजत आले आहे, सेंटरवाल्या राकेशभाऊंना सुटे पैसे कुठे ठेवायचे ते मी शिकवते. पण त्या वेळी मला पास होण्यापेक्षा बघायचं जास्त होतं. हे मी आज लिहिताना सजवून सांगत नाही. भूक लागल्यावर जेवायचं असतं तसं मला बघायचंच होतं. मी बाटलीचं बूच घट्ट लावलं, ब्युरेट परत शून्याच्या खुणेपर्यंत भरलं, गळकी तोटी दाबून बसवली आणि मग उघडली.

सोडा पडायला लागला. जिथे थेंब पडायचा तिथे क्षणभर लाल ठिपका उमटायचा आणि मी फ्लास्क फिरवला की विरून जायचा. या वेळी मी फ्लास्क नीट फिरवत होते, मान धरून, गोल. परत ठिपका, परत पिवळं. नववी खूण जवळ आली तसे ठिपके मोठे व्हायला लागले, रेंगाळायला लागले. माझ्या कानात डीजे वाजत होता का रक्त, कळत नव्हतं. मी तोटी इतकी बारीक केली की थेंब लोंबून राहायचा, पडू का नको असा विचार करायचा. हर्षाली आपली वही मिटून माझ्याकडे सरकली होती. नऊ पॉइंट तीनला पिवळं. मी श्वास सोडला. एक थेंब. पिवळं, पण जरा घट्ट. आणखी एक थेंब लोंबला, पडला, लाल ठिपका उमटला, मी फ्लास्क फिरवला आणि तो ठिपका विरला नाही, पसरला. काठापासून काठापर्यंत सगळं पाणी विटेच्या रंगाचं झालं आणि तसंच राहिलं. मी वाकून, डोळा खुणेशी आणून ब्युरेट वाचलं. परत वाचलं. हर्षालीला म्हटलं, तू वाच. ती वाकली. "नऊ पॉइंट चार," ती म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. "मॅडम, हे खरंच तेच आलं." मला ओरडावंसं वाटत होतं. एक बाटली कुठल्या तरी कारखान्यातून आलेली आणि एक कण संजनाच्या हळदीच्या पातेल्यातला, दोघांची कधी ओळख नाही, आणि दोघांनी एकाच थेंबाला तीच गोष्ट सांगितली. म्हणजे ती गोष्ट खरी आहे. कुणी सांगितली म्हणून नाही, तर आहेच. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसायला हात वर नेला, तर हर्षालीने मनगट धरलं. "डोळ्याला लावू नका, सोडा हाय," ती म्हणाली.

परीक्षक बाई टेबलाटेबलाशी येत होत्या. माझ्याहून वयाने लहानच असाव्यात, सुती साडी, चष्मा कपाळावर. बाकीच्या टेबलांवर दोन-तीन गुलाबी फ्लास्क ओळीने ठेवलेले, आणि माझ्याकडे एक जांभळा, एक गुलाबी आणि एक विटकरी. त्या थांबल्या. मला वाटलं होतं तेवढं धीट काही माझ्यात उरलं नव्हतं. मघाचा सगळा ताव उतरला आणि त्या जागी सरळ सरळ रविवार दिसायला लागले, एकामागून एक, घरातले.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"तिसरं रीडिंग."

"गुलाबी का नाही?"

"फिनॉल्फ्थॅलीन घातलं नाही. हळदीवर केलं."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "परीक्षेला हळद घेऊन आलात?"

मी दोन्ही हात पुढे केले. तळवे पिवळे, बोटं लाल, अंगठीभोवती दोन्ही. "भाचीचं लग्न आहे, आज संध्याकाळी. फ्लास्क हलवताना चूक झाली, अंगठा लावला. नखातली पडली आत. मग म्हटलं, आता पडलीच आहे तर तिलाच विचारावं."

"प्रश्नपत्रिकेत काय लिहिलंय ते वाचलंत?"

"वाचलं."

"आकडा?"

"नऊ पॉइंट चार. दुसऱ्याचाही तोच."

त्या ब्युरेटशी वाकल्या. स्वतः वाचलं. मग विटकरी फ्लास्क उचलून खिडकीकडे धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या. मागे कुणीतरी खोकलं. "दोन निराळ्या वस्तू," त्या फ्लास्ककडे बघतच म्हणाल्या, "आणि रंग एकाच वेळी बदलला. का?"

"आम्ल तिथेच संपलं म्हणून," मी म्हणाले. "सांगणारं कुणीही असो."

"बरं. आणि हळद लालच का होते? निळी का नाही होत? तिच्या आत नेमकं काय बदलतं?"

मी तोंड उघडलं. पुस्तकातली दोन-तीन मोठी वाक्यं मला येत होती, त्यातलं एखादं फेकता आलं असतं, कधी कधी बसतं ते बरोबर. आमच्या काउंटरवरही लोकांनी विचारलं की मी असंच काहीतरी ठोकून देते. पण आत्ता, त्या फ्लास्कसमोर, ते करवेना. जे डोळ्यांनी पाहिलं त्याच्या शेजारी न कळलेलं वाक्य ठेवायचं माझ्या जिवावर आलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "अजिबात माहीत नाही. पण मला ते कळल्याशिवाय आता चैन पडायचं नाही."

त्यांनी फ्लास्क जागेवर ठेवला, हातातल्या कागदावर काहीतरी लिहिलं, तळहाताचा आडोसा धरून लिहिलं. मग पेनचं टोपण लावलं आणि पुढच्या टेबलाकडे वळता वळता म्हणाल्या, "ते दुसऱ्या वर्षाला आहे. जुलैत तुमच्या सरांना विचारा. आता हात धुवा आणि लग्नाला जा."

जुलैत विचारा, म्हणाल्या. पास झालात तर, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.